नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची कुठून?

जुळारी (कराड)

मंडळी, नमस्कार. कराडात आमचा छोटा छापखाना आहे. वडील खिळे जुळवायचे. धंदा माझ्या हातात आला तोवर ट्रेडल (खिळ्यांचं छपाईयंत्र) कोपऱ्यात गेलं होतं आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं, सुरू झालं होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, असलं आमचं काम.

तालुक्यातल्या एका हायस्कूलची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका २००३ साली आम्ही केली होती. २०२८ ला त्या शाळेचा अमृतमहोत्सव आहे. समिती आत्तापासूनच बसली आहे आणि त्यांना जुन्या स्मरणिकेतले लेख, संस्थापकांचे फोटो आणि माजी विद्यार्थ्यांची यादी हवी आहे. छापील प्रत आहे हो, पण छापलेला फोटो परत स्कॅन केला की डॉट दिसतात, चेहऱ्यावर जाळी पसरते. फोटोंच्या मूळ टिफ फाइली सीडीवर आहेत, पानं लावायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या फाइलीही त्यातच. २००१ पासून मी सगळा बॅकअप आधी सीडीवर आणि पुढे डीव्हीडीवर घेत आलो. स्पिंडलच्या डब्यांत ठेवलंय, प्रत्येकीवर मार्करनं गिऱ्हाइकाचं नाव आणि साल.

नुकताच ऑफिसचा कॉम्प्युटर बदलला. नवा असेंबल करून घेतला. कॅबिनेटला काच, आत रंगीत दिवे, पण पुढून सीडी घालायला जागाच नाही! दुकानदार म्हणाला, "काका, आता कुणी लावत नाही." पोरीच्या लॅपटॉपलाही नाही. जुन्या मशीनचा रायटर (सीडी-डीव्हीडी वाचणारा, लिहिणारा ड्राइव्ह) अजून जोडलेला आहे, पण तो सीडी आत घेतो, घरघर करतो आणि "डिस्क घाला" म्हणतो. घातली आहे बाबा, अजून कुठं घालू?

तर विचारायचंय असं की हा ड्राइव्ह सगळ्या कंपन्यांनी काढून का टाकला? फ्लॉपी गेली ते समजतं, १.४४ एमबीत काय मावणार. पण डीव्हीडी ४.७ जीबीची, आणि कोऱ्या डिस्क अजून दुकानात मिळतात. आणि आता मी काय घ्यावं? यूएसबीचा बाहेरून लावायचा, की हाच दुरुस्त करावा? पैशांचं एक वेळ जमवू, पण सीडी वाचल्या गेल्या पाहिजेत.

स्क्रूड्रायव्हर (पुणे)

काका, दुसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण ते तातडीचं. जुना रायटर भंगारात देऊ नका. त्यात सीडीऐवजी एखादी डीव्हीडी घालून बघा आणि ती वाचतोय का ते इथं सांगा. का विचारतोय ते नंतर सांगतो.

आता पहिला प्रश्न. टिळक रोडला आमचं असेंबलिंग-रिपेरिंगचं दुकान आहे, त्यामुळे हे सगळं काउंटरच्या आतून बघितलंय. लोक म्हणतात पेन ड्राइव्हनं सीडीला मारलं. मला ते अर्धंच पटतं. पेन ड्राइव्ह स्वस्त झाल्यावरही कितीतरी वर्षं प्रत्येक कोटेशनमध्ये डीव्हीडी रायटरची ओळ ठरलेली असायची, कारण विंडोज टाकायला तो लागायचा. मदरबोर्डच्या ड्रायव्हरची सीडी, प्रिंटरची सीडी, अँटिव्हायरसची सीडी, सगळं त्यातूनच. विंडोज ७ आलं २००९ च्या ऑक्टोबरात आणि मायक्रोसॉफ्टनं स्वतःच ते पेन ड्राइव्हवर टाकायचं टूल दिलं. यूएसबीवरून बूट होणारे मदरबोर्ड तोवर सर्रास झाले होते. मग आम्हीच पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला लागलो, निम्म्या वेळात मशीन तयार. हे गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं की ते म्हणायचं, रायटर काढा आणि त्या पैशात रॅम वाढवा. माझ्या मते ड्राइव्ह खरा गेला तो तिथं. सिनेमे, गाणी वगैरे नंतरच्या गोष्टी.

वेगाचं सांगायचं तर १६ एक्सची (म्हणजे मूळ वेगाच्या १६ पट) डीव्हीडी सेकंदाला जास्तीत जास्त २२ एमबी देते, तेही बाहेरच्या कडेला पोचल्यावर. ५२ एक्सची सीडी तर आठलाही पोचत नाही. साध्यातली साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी आलेली, न फिरणारी) ५०० च्या आसपास असते. सवय झाल्यावर माणूस कशाला थांबेल?

लॅपटॉपची गोष्ट वेगळी, तिथं भांडण जागेचं. चकती १२ सेंटिमीटरची, १९८२ ला सीडी बाजारात आली तेव्हापासून तेवढीच. डीव्हीडी आणि ब्लू-रे आल्या तरी माप तेच ठेवलं, कारण जुन्या चकत्या नव्या ड्राइव्हमध्ये चालायला हव्या होत्या. म्हणजे ड्राइव्हची लांबी-रुंदी कमी करणं शक्यच नाही. कमी केली ती जाडी, १२.७ मिलिमीटरवरून ९.५ वर. पण अख्खा लॅपटॉपच १८ मिलिमीटरचा करायचा म्हटल्यावर ९.५ कुठून आणणार? तेवढ्या जागेत बॅटरी बसते, आणि गिऱ्हाईक बॅटरी किती तास चालते ते विचारतं, ट्रे किती सुरेख बाहेर येतो ते नाही. २००७ ला असुसचे छोटे ईई पीसी ड्राइव्हशिवाय आले, २००८ च्या जानेवारीत ॲपलची मॅकबुक एअर. एअरला ड्राइव्ह हवा असेल तर ९९ डॉलर मोजून बाहेरून लावायचा, नाहीतर वायफायवरून शेजारच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह उसना घ्यायचा अशी सोय दिली होती. तेव्हा लोक हसले होते. २०१२ पासून ॲपलनं तो एकेक करून सगळीकडून काढला, एक जुनं मॉडेल तेवढं २०१६ पर्यंत विकत राहिले. विंडोजवाल्यांचंही थोड्याफार फरकानं तेच.

मायक्रोसॉफ्टनं आणखी एक केलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये डीव्हीडी सिनेमा दाखवायची सोयच काढून टाकली. त्या व्हिडिओच्या तंत्राची रॉयल्टी प्रत्येक कॉम्प्युटरमागे भरावी लागायची; ज्याला ड्राइव्हच नाही त्याच्यासाठी का भरायची, असा हिशेब. आम्ही तेव्हापासून मुकाट्यानं व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकून देतो.

तुमच्या काचेच्या कॅबिनेटचं म्हणाल तर पुढचा भाग आता पंख्यांचा झालाय. ग्राफिक कार्ड तापतात, हवा पुढून आत घ्यावी लागते. ड्राइव्हचा सव्वापाच इंची खण ठेवला तर ती वाट अडते. पण मदरबोर्डवर साटाचे पोर्ट, म्हणजे ड्राइव्ह जोडायच्या जागा, बहुतेक अजून असतील. हे पुढं कामाला येणार आहे.

न्यूजर्सीकर

छापखान्याच्या डेटा सीडींना लागू नाही, पण हा धागा वाचून कुणी लगेच यूएसबी ड्राइव्ह मागवणार असेल तर त्याच्यासाठी. आमच्याकडे भारतातून आणलेल्या सिनेमांच्या डीव्हीडी आहेत. सिनेमाच्या डीव्हीडीवर ती कुठल्या प्रदेशात चालावी त्याचा रीजन नंबर असतो: भारत रीजन ५, अमेरिका रीजन १. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह रीजन बदलू देतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जिथं असेल तिथंच कायमचा अडकतो. म्हणून "बघू या लागतंय का" म्हणून ओके ओके दाबत जाऊ नका. लग्नाच्या घरगुती डीव्हीडींना रीजन नसतो. त्यांचा घोळ पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धतींचा, आणि तोही टीव्हीच्या प्लेअरवर, कॉम्प्युटरवर नाही.

आणि हँडीकॅमच्या छोट्या आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडी कुणाकडे असतील तर त्या फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, आत अडकतात. ट्रेवाला घ्या, त्यात मधे लहान चकतीसाठी वेगळी खोबण असते. त्या डिस्क शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यातच फायनलाइज (लिहून पूर्ण बंद) केलेल्या नसतील तर कॉम्प्युटर कोरी म्हणून दाखवतो. घाबरू नका, डेटा असतो. कॅमेरा चालू असेल तर आधी त्यातच फायनलाइज करा.

एक्सरेवाली (नाशिक)

ड्राइव्ह गेला म्हणताय, आमच्या सेंटरमध्ये या म्हणजे कळेल. मी एमआरआय टेक्निशियन. आमच्याकडे अजून सीडी रोज लिहिल्या जातात. पेशंटचा पेन ड्राइव्ह आम्ही मशीनच्या आसपाससुद्धा येऊ देत नाही, व्हायरसचा धोका. कोरी सीडी काही रुपयांत मिळते, एकदा लिहिली की तिच्यात कुणी काही बदलू शकत नाही आणि पाकिटात घालून फाइलला लावता येते. हल्ली मोबाइलवर लिंकही जाते. पण वयस्कर पेशंट म्हणतात लिंक नको, हातात काहीतरी द्या.

गंमत पुढची. ते पाकीट घेऊन पेशंट ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांच्या टेबलावरच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. डॉक्टर रिपोर्टचा कागद वाचतात, फिल्म असेल तर उजेडासमोर धरतात आणि सीडी तशीच घरी परत येते. म्हणून सगळ्यांना सांगते, सेंटरमधून निघतानाच लिंक मागून घ्या. सीडी कॉपी करायची असेल तर अख्खी करा, डायकॉमडीआयआर नावाच्या फाइलीसकट, ती आतल्या चित्रांची यादी असते. त्यातल्या फोल्डरांची नावं विचित्र असतात, हे काय फालतू म्हणून डिलीट करू नका. सीडीतला व्ह्यूअर तुमच्या मशीनवर चालला नाही तर वीसिस नावाचा फुकट व्ह्यूअर आहे, त्यात उघडतं. स्क्रीनचे मोबाइलनं काढलेले फोटो मात्र कुठल्याच सर्जनला पाठवू नका, त्यांना त्याचा उपयोग नाही.

अडाणी पंडित

चकती गेली म्हणून गळा काढणाऱ्यांनी तो काळ नीट आठवावा. व्हीसीडीवर एक सिनेमा बघायचा तर दोन किंवा तीन चकत्या, ऐन भांडणाच्या प्रसंगात उठून दुसरी घालायची. चित्र ३५२ बाय २८८ चं. आणि भाड्यानं आणलेली चकती शर्टाला पुसून परत लावायची हा तर राष्ट्रीय कार्यक्रम होता.

आपल्याकडच्या या चकत्यांच्या धंद्याचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. मोझर बेअर ही दिल्लीजवळच्या नोएडाची कंपनी, १९८३ ला सुरू झालेली, सीडीच्या आधी फ्लॉपी करायची. पुढे कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवणाऱ्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्यांत तिची गणना व्हायची. मग ती सिनेमांत उतरली: व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ ला. तोवर ओरिजिनल सिनेमा याच्या कितीतरी महाग असे. पायरेटेड विकणाऱ्याला त्याच्याच भावात गाठायचं, अशी ती चाल होती आणि काही काळ चाललीही. मात्र त्या सगळ्या कारखान्याखालची जमीनच सरकत होती. २०१७ ला कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि २०१८ च्या सप्टेंबरात विसर्जित करायचा आदेश निघाला. मधे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं होतं. ३४ रुपयांची डीव्हीडीसुद्धा ज्याला महाग वाटेल असं गिऱ्हाईक त्या महिन्यापासून तयार झालं.

जुळारी, तुम्हाला एक टोचेल असं बोलतो. सीडीवर लिहायचं आणि हार्ड डिस्कवरून उडवायचं याला बॅकअप म्हणत नाहीत, माळ्यावर टाकणं म्हणतात. एकच प्रत होती ती एकच राहिली, फक्त जागा बदलली.

जुळारी

पंडित, बोला तुम्ही, मुद्रितशोधकाची सवय जायची नाही तुमची. पण २००३ साली आमच्या मशीनला ४० जीबीची हार्ड डिस्क होती. त्या एका स्मरणिकेचे टिफच दीड जीबीच्या वर, म्हणून ती तीन सीडींवर आहे. दिवाळी आली की डिस्क रिकामी केल्याशिवाय नवीन काम हातात घेताच येत नसे. दुसरी हार्ड डिस्क घ्यायची तर महिन्याचा कागद उधारीवर आणावा लागला असता. तेव्हा जे परवडत होतं ते केलं.

स्क्रूड्रायव्हर, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आणि नवलच! डीव्हीडी लगेच उघडते. २०१० च्या दोन-तीन घालून बघितल्या, सगळ्या फाइली दिसतात. सीडी मात्र एकही वाचत नाही, अगदी प्रिंटरबरोबर आलेली कंपनीची सीडीसुद्धा नाही. म्हणजे माझ्या सीडी खराब नाहीत का?

स्क्रूड्रायव्हर (पुणे)

हेच बघायचं होतं. काका, तुमच्या सीडी बहुतेक ठीक आहेत, ड्राइव्हचं सीडीचं लेझर गेलंय.

डीव्हीडी रायटरच्या डोक्यात दोन लेझर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचं, ते डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. डीव्हीडीसाठी ६५० चं लाल. घरी लिहिलेल्या सीडीत जो रंगाचा थर असतो तो ७८० साठीच बनवलेला, लाल लेझरनं ती वाचताच येत नाही. म्हणून दोन ठेवावी लागतात आणि दोन्ही एकाच वेळी मरतात असं नाही. कंपनीची छापील सीडीही वाचत नाही म्हटल्यावर दोष चकतीचा नसणार. लेन्स पुसून बघायला हरकत नाही, पण एकीकडून छान वाचतोय म्हणजे लेन्स स्वच्छच असावी. दुरुस्तीच्या नादाला लागू नका, त्याची डोकी आता कुणी बदलून देत नाही.

घ्यायचं काय? यूएसबीचा बारीक ड्राइव्ह दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. तो चालेल, पण तुमच्यासारखं डबेच्या डबे वाचायचे असतील तर मी डेस्कटॉपचा मोठा साटा रायटर सांगेन. जुन्या बाजारात पडून आहेत, कुणी विचारत नाही. बारीक ड्राइव्ह यूएसबीच्या करंटवर चालतो, आणि यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. चकतीला फिरवायला सुरुवात करताना त्याला त्यापेक्षा जास्त लागतो, मग तो मधेच गळाठतो आणि आपण चकतीला नावं ठेवतो. बारीकच घेणार असाल तर निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा, तेही कॅबिनेटच्या मागच्या. मोठा रायटर एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायवर) चालतो, त्याला ही रड नाही. कॅबिनेटची बाजूची काच काढा, मशीन बंद करून साटाची डेटा केबल मदरबोर्डला आणि पॉवर एसएमपीएसला जोडा, ड्राइव्ह टेबलावर आडवा ठेवा. दिसायला गबाळं दिसेल, पण वाचतो झकास. घेताना मागं बघा: रुंद पट्टीची केबल लागत असेल तर तो आयडीई या जुन्या पद्धतीचा, तो तुमच्या नव्या बोर्डाला बसणार नाही.

वाचताना फाइली ओढून कॉपी करू नका. आधी अख्ख्या चकतीची आयएसओ, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत, बनवा, विंडोजवर इमजीबर्ननं फुकट होतं. वेग मुद्दाम कमी ठेवा, १६ एक्स किंवा त्याखाली. ५२ वर जुनी चकती थरथरते आणि चुका वाढतात. एखादी अडलीच तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे. ते न वाचलेला तुकडा बाजूला ठेवून पुढं जातं आणि नंतर परत फिरून त्याच्यावर प्रयत्न करतं. एका ड्राइव्हनं नाकारलेली चकती दुसरा वाचतो हे रोजचं आहे, तेव्हा एका नकारावर टाकून देऊ नका.

पुसायची तर मधून कडेकडे सरळ रेघेत, गोल गोल नाही. चकती फिरते त्या दिशेनं ओढलेला ओरखडा ड्राइव्हला सुधारता येत नाही, मधून कडेकडे गेलेला सुधारता येतो. आणि लोक खालची बाजू जपतात, सीडीचा जीव मात्र वरच्या बाजूला असतो. डेटाचा थर लेबलच्या अगदी खाली, वर नुसता लाखेचा हात. तिथं नखानं खरवडलं तर तो चुराच उडून येतो. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मधे असतो म्हणून ती जास्त सोसते. कुठल्या सीडीवर कागदी लेबल चिकटवलं असेल तर ते काढायला जाऊ नका, थर बरोबर घेऊन येईल. आहे तसं वाचा.

शेवटचं. त्या वेळी सगळे नीरो या सॉफ्टवेअरवर मल्टिसेशन लिहायचे: आज थोडं, पुढच्या आठवड्यात त्याच सीडीवर थोडं. नवीन सेशन लिहिताना जुनं जोडून घेतलं नसेल तर विंडोज फक्त शेवटचं दाखवतं आणि माणूस म्हणतो, फाइली उडाल्या. उडालेल्या नसतात. आयसोबस्टर या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की सगळी सेशन वेगवेगळी दिसतात.

हे काम पुढं ढकलू नका. सोनीनं ड्राइव्ह बनवणं २०१३ लाच सोडलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्क करणंही थांबवलं. इंटेलच्या नव्या प्रोसेसरमधून एक सुरक्षेची सोय गेल्यापासून फोर-के ब्लू-रे तर ड्राइव्ह असूनही नव्या कॉम्प्युटरवर रीतसर चालत नाही. सीडी-डीव्हीडीचं अजून तसं झालेलं नाही. तोवर उरका.

कोर्टकचेरी (छत्रपती संभाजीनगर)

वकील मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर: आमच्याकडे सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्डिंग अजून सीडी-डीव्हीडीवरच दाखल होतात. पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आणि त्याच्या नमुन्यात फाइलीची हॅश व्हॅल्यू (फाइलीत काही बदललं तर बदलणारा तिच्या ओळखीचा आकडा) लिहावी लागते. साधनांच्या यादीत सीडी/डीव्हीडी असं छापलेलंच आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी ड्राइव्ह ठणठणीत जिवंत. पेन ड्राइव्ह चालतो, पण एकदा लिहून बंद केलेली चकती उलटतपासणीत कमी त्रास देते. माझ्या बॅगेत म्हणून बाहेरून लावायचा ड्राइव्ह कायम असतो, आणि सुनावणीच्या दिवशी समोरच्या पक्षाचे वकीलसुद्धा तो मागून नेतात.

जाता जाता: केंद्राच्या २०१२ च्या माहिती अधिकार नियमांत माहिती डिस्केट किंवा फ्लॉपीवर हवी असेल तर ५० रुपये असा दर लिहिलेला आहे. सीडीवाल्यांनी इतक्यात वाईट वाटून घेऊ नये.

जुळारी

स्क्रूड्रायव्हर, तुमचे उपकार. इथल्याच एका सायबर कॅफेवाल्याच्या अडगळीत साटा रायटर मिळाला, त्यानं पैसेही घेतले नाहीत. टेबलावर ठेवून जोडला. स्मरणिकेच्या तिन्ही सीडी वाचल्या. तिसरीला वेळ लागला, शेवटी एका टिफवर अडली होती, कमी वेगावर तीही आली. संस्थापकांचा फोटो ३०० डीपीआयचा जसाच्या तसा. आता एक प्रत हार्ड डिस्कवर, एक पोरीच्या लॅपटॉपवर, आणि पंडितांच्या समाधानासाठी एक मेव्हण्याच्या घरी ठेवतो.

आता पुढचा घोटाळा. फाइली पी६५ आहेत, म्हणजे पेजमेकर ६.५. नव्या मशीनवर उघडायच्या कशा? आणि मजकूर सगळा त्या वेळच्या फाँटमध्ये. एका फाइलीतला उतारा वर्डमध्ये टाकला तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. माजी विद्यार्थ्यांची यादीच बावीस पानांची आहे, ती परत टाइप करायची म्हणजे दिवाळीच्या तोंडावर माणूस अडकला.

अडाणी पंडित

परत टाइप करू नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. पी६५ ती उघडते. तुमचं जुनं मशीन अजून चालू आहे ना, मग ड्राइव्हसाठी नाही तर पेजमेकरसाठी ते सांभाळा. नसेल तर कुणाकडे पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइन सीएस६ किंवा त्याआधीचं असेल तिथं उघडा, ते पेजमेकर ६ पासूनच्या फाइली घेतं. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. मांडणी थोडी हलेल, तुम्हाला मजकूरच हवाय.

फाँटचं असं की त्या काळच्या फाँटमध्ये अक्षर साठवलेलं नसतं, अक्षराचे तुकडे असतात, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले. फाँट मशीनवर असेपर्यंत मराठी दिसतं, नसला की तुम्हाला दिसला तो गोंधळ. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फाँटचा वेगळा. त्यामुळे पेजमेकरमध्ये आधी फाँटचं नेमकं नाव बघून घ्या. एकाच कंपनीच्या दोन फाँटचे तक्तेही कधीकधी वेगळे असतात.

बदलून आलेला मजकूर डोळे झाकून शाळेला देऊ नका. या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर, दोन्ही कन्व्हर्टरला उचलून योग्य जागी ठेवावे लागतात. तिथंच तो चुकतो. मी आधी यादीत कुलकर्णी, सूर्यवंशी, शिर्के आणि मिलिंद शोधतो. ते चारही नीट आले असतील तर बाकीच्यांसाठी एक वाचन पुरतं. नसतील तर फाँट चुकीचा निवडलाय, परत पहिल्यापासून. आणि जोडाक्षरांत द्व, द्ध, ह्म तपासा. उद्धव, विद्वांस, ब्राह्मणे असली नावं शेवटपर्यंत त्रास देतात. यादी बदलून झाली की मला पाठवा, बावीस पानं एका रविवारी होतात.